आईनं करून दाखवलेली फिट

माझी फिट गावात सगळ्यांनी पाहिली होती. फक्त मी पाहिली नव्हती. कार्यक्रम माझा, आणि ऐन वेळी मीच गैरहजर. शुद्धीवर यायचो तेव्हा नाकाशी चुलत्यांचा बूट असायचा आणि गर्दी पांगायला लागलेली असायची.

आमचं गाव औंधजवळ. तेव्हाची अकरावी, म्हणजे मॅट्रिक, पास झालो आणि सांगलीच्या कॉलेजात जाऊन वसतिगृहात राहणार, असं मी घरात जाहीर केलं. आईनं भाकरी थापता थापताच नको म्हणून सांगितलं. विहीर, चूल आणि सायकल यांपासून तिनं मला इतकी वर्षं लांब ठेवलं होतं, आणि मी एकदम अख्खी सांगली मागत होतो. शेवटी मिलिटरीतून पेन्शनीवर आलेले माझे चुलते म्हणाले, "सांगलीत मोठा डाक्टर हाय. त्यो हो म्हणला तर जाऊ दे, न्हाईतर ऱ्हाऊ दे."

डॉक्टरांनी मला विचारलं, "फिट येते तेव्हा नेमकं काय होतं?"

"मला ठाऊक नाही," मी प्रामाणिकपणे सांगितलं.

त्यांनी आईकडे पाहिलं. "चक्कर येती," आई म्हणाली. पाहुण्यारावळ्यांत ती हेच सांगायची. बहिणीचं लग्न व्हायचं होतं. डॉक्टर पाहुण्यांत मोडत नाहीत, हे तिच्या ध्यानात आलं नसावं.

चुलत्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "थांबा, मी दावतो." ते फरशीवर आडवे झाले आणि चारी हातपाय झाडू लागले. मधेच त्यांनी डरकाळी फोडली. बाहेर बाकावर बसलेले दोघं उठून गेले. एवढं भव्य काही आपण करतो हे पाहून मला थोडा अभिमानच वाटला.

"आवं भावजी," आई म्हणाली, "असं कुठं करतंय त्ये? लय वराडताय तुमी."

"मग कसं?"

"उठा तुमी."

तिनं पदर खोचला आणि स्टुलावर बसून भिंतीकडं पाहू लागली. भिंतीवर काही नव्हतं. मग तिचा डावा अंगठा उडायला लागला. मग हात. मग मान डावीकडं वळली, आणि ती हळूहळू फरशीवर उतरून ताठ झाली. जरा वेळानं सगळं अंग हिसके देऊ लागलं. आवाज नाही. नंतर ती तशीच पडून म्हणाली, "ह्या वक्ताला त्ये निळं पडतंय. मला वाटतंय, आता काय ह्ये माघारी येत न्हाई. मग घोराय लागतंय."

डॉक्टर खुर्चीतून उठून उभे राहिले होते. "आधी डावा अंगठा? दर वेळी?"

"दर खेपंला."

मग ते आमच्याशी माणसासारखं बोलले. मेंदूच्या एका जागी सुरू होतं आणि पसरतं. गोळी चुकवायची नाही. फिट आली की कुशीवर वळवायचं, दाबून धरायचं नाही, तोंडात काही घालायचं नाही. लांबली तर दवाखान्यात आणायचं.

"आन् बूट?" चुलत्यांनी विचारलं.

"बुटानं काही होत नाही. बहुतेक वेळा फिट आपली आपण थांबते."

चुलत्यांनी टोपी घातली. आजवरचं सगळं श्रेय त्यांच्याकडं होतं.

"वसतिगृहात राहू दे त्याला," डॉक्टर म्हणाले. "पण खोलीतल्या पोरांना सगळं माहीत पाहिजे."

वसतिगृहात सोडायला आई माझ्याबरोबर आली. परक्या पोरांना सांगायचं म्हणजे आठ दिवसांत सोयऱ्याधायऱ्यांत जाणार. माझी खात्री होती, ती चक्करच सांगेल आणि मला घरी नेईल.

वसतिगृहात आटपाडीची दोन पोरं माझ्या खोलीत होती. आईनं त्यांना खाटेवर बसवलं आणि दार लावून घेतलं.

"माज्या पोराला फिट येती," ती म्हणाली. "नीट बगून घ्या." आणि तिनं पुन्हा पदर खोचला.

मला तिथं पहिली फिट आली ती दिवाळीच्या आधी. डोळे उघडले तेव्हा मी कुशीवर होतो, डोक्याखाली कुणाचा तरी टॉवेल होता. आटपाडीचा एक पोरगा शेजारी बसून शेंगा खात होता.

"काय झालं?"

"काय न्हाई, गड्या. काकूंनी केली हुती तशीच आली." त्यानं एक शेंग फोडली. "काकूंची जरा बरी हुती."