बाई जेवली का त्यात?

“ते सगळं ठीक हाय हो सर. पण बाई जेवली का त्यात?”

मॅडम हा प्रश्न गाडीच्या मधल्या सीटवरून विचारायच्या, पदरानं चष्मा पुसत पुसत, आणि पुढं बसलेल्या विज्ञानाच्या सरांचा अख्खा पिक्चर तिथंच आडवा व्हायचा. सर बिचारे नांदेड सोडल्यापासून हातवारे करत गोष्ट सांगत आलेले असायचे. हिरॉईन पोलीस अधिकारी आहे, एकटी चौघांना लोळवते, मंत्र्याला तोंडावर सुनावते. “आता तरी मानता का मॅडम, बायकांना ताकदवान दाखवायलेत म्हणून?” असं त्यांनी छाती फुगवून विचारावं, आणि मॅडमनी तेवढंच विचारावं. मग सर आठवायला लागायचे. घरी आली... सासूला गोळ्या दिल्या... पोराला भरवलं... नवऱ्याला वाढलं...

“मग एकदम सकाळच झाली,” सर पडेल आवाजात म्हणायचे.

“म्हंजे चौघांना लोळवलं ते उपाशीपोटी. शाबास तिची,” मॅडम म्हणायच्या आणि चष्मा डोळ्यांवर चढवायच्या.

आम्ही सगळे अपडाऊनवाले. नांदेडहून कंधारकडच्या एका शाळेत रोज जाऊन येऊन करणारे. गाडी चाचांची, भाडं वाटून. रविवारी ज्यानं त्यानं टॉकीजमध्ये नाहीतर मोबाईलवर काहीतरी पाहिलेलं असायचं, आणि सोमवारी गाडीत त्याचा निकाल लागायचा. मी तेव्हा नुकतीच लागलेली, भोकरची, तोंडानं फटकळ. हिरॉईनचे कपडे, तिची गाणी, कॅमेरा कुठं कुठं फिरतो, यावर मी तावातावानं बोलायची. मॅडमना ते पटत नव्हतं असं नाही. त्या ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, “तुझं खरं हाय बाई. पण मी आपली तिच्या ताटाकडं बघती.”

एकदा चाचा न राहवून आरशातून बोलले, “अरे मॅडम, हिरॉईन खाना खाते बैठी तो फायटिंग कब होना?”

“हिरो दर पिक्चरला आईच्या हातचं जेवतोय की चाचा. त्याची फायटिंग कुठं राहती का?”

चाचांनी हॉर्न वाजवला. रस्त्यावर कुणीच नव्हतं.

तुम्हाला वाटेल, काय हा एकाच गोष्टीचा छंद. मलाही वाटायचं. पण तुम्ही एकदा बघाच. एवढ्या पिक्चरांत ती वाढताना दिसते, डबा भरताना दिसते, ताट झाकून वाट बघत बसलेली तर हमखास दिसते. तिनं भाकरी मोडली, कालवणात बुडवली, खाल्ली, पोट भरलं म्हणून हात धुतला, असं दिसत नाही. सरांनी हट्टानं शोधून एकदा आणलं. “जेवते मॅडम! डोहाळजेवणाचं गाणंच आहे की!” मॅडम हसल्या. “ते तिच्यासाठी न्हाई सर, पोटातल्यासाठी हाय. अन् गाण्यात घास कुणी गिळत न्हाई.”

हे त्यांच्या डोक्यात कुठून आलं, ते त्यांनी एकदाच सांगितलं. थंडीचे दिवस होते, काचा बंद होत्या, कंधारचा किल्ला दिसायला लागला होता. बोलणं आयांवर आलं होतं. मॅडम म्हणाल्या, “माझी आई जाऊन लई वर्षं झाली. चुलीपुढची आठवती, शेतातली आठवती, मारतानाची तर चांगलीच आठवती. पण ती जेवताना कशी दिसायची ते आठवतच न्हाई. भरभर खायची का सावकाश, कांदा फोडून घ्यायची का चिरून, कायबी न्हाई. आम्ही झोपल्यावर जेवत असंल. मी बघितलंच न्हाई तिला.”

मी माझ्या आईला आठवून बघितलं. मला पटकन चित्रच येईना. माझी आई भोकरला चांगली जिवंत, धडधाकट. त्या दिवशी सरांचा राहिलेला पिक्चर कुणीच पुरा केला नाही.

आणि याच मॅडम घरी कशा होत्या म्हणता? एका रविवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. मिस्टर, म्हणजे आमचे काका, पाटबंधारेतून निवृत्त, शांत माणूस, टीव्हीपुढं बसलेला. आम्हाला दोघांना गरम गरम भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी, तव्यावरून थेट ताटात. “घ्या, घ्या, निवती.” मी हात धुवायला आत गेले तर मॅडम ओट्याशी उभ्याच, कढईतलं खरवडून एका भाकरीवर घेऊन खात होत्या. ताटसुद्धा नाही. मी सोडते होय? म्हणाले, “मॅडम, बाई जेवली का त्यात?”

त्या हसून हसून ठसकल्या. “माझा काय पिक्चर काढायलाय का कुणी?”

मग पाणी प्यायल्या आणि जरा थांबून म्हणाल्या, “माझं गेलं गं आता. शीतलचं तसं व्हायला नको, एवढंच.”

शीतल त्यांची एकुलती लेक. लातूरला दिलेली. घर मोठं, माणसं वाईट अजिबात नाहीत. सून शिकलेलीच हवी म्हणून शोधत आले होते. फक्त त्या घरात आधी पुरुष, मग आलेगेले, मग म्हाताऱ्या, मग सासू आणि सर्वांत शेवटी सून. शीतलला दिवस गेले, आणि तपासणीत रक्त कमी निघालं. मॅडम फोनवर विचारायच्या, “जेवतीस का?” ती म्हणायची, “जेवते की.” “काय जेवतीस?” “असतंय की गं आई उरलेलं. कुणी नको म्हणत नाही. वेळच होत नाही.” हे मॅडम मला गाडीत हळू आवाजात सांगायच्या. सरांनी पिक्चरचा विषय काढला तरी त्यांचं लक्ष नसायचं.

सातव्या महिन्यात नांदेडला डोहाळजेवण ठरलं. लातूरहून सगळे आले. शीतल हिरव्या साडीत, फुलांच्या दागिन्यांत, पण गालफडं बसलेली. पुढं पंचपक्वान्नांचं ताट. फोटोग्राफर म्हणाला, “ताई, घास तोंडाजवळ धरा. खाऊ नका, फोटो हलतो.” सगळे हसले. मी मॅडमकडं बघितलं. त्या हसल्या नव्हत्या.

मग पुरुषांची पहिली पंगत बसली. शीतलचे सासरे कौतुकानंच म्हणाले, “वरण आमच्या सूनबाईच्या हातचं वाढा.” झालं. ती सात महिन्यांची पोटुशी पोर फुलांचा मुकुट काढून, पदर खोचून वरणाचं पातेलं घेऊन निघाली.

मॅडम पुढं झाल्या. पातेलं तिच्या हातातून घेतलं, खाली ठेवलं. तिचा दंड धरून तिला पंगतीतल्या मोकळ्या पाटावर बसवलं. आणि स्वतः तिच्या शेजारी बसल्या, सगळ्या पुरुषमाणसांत. मान वर करून नवऱ्याला म्हणाल्या, “अहो, वाढा.”

काकांनी जन्मात कधी वाढलं नसावं. त्यांनी पातेलं उचललं आणि लेकीच्या ताटात एवढं वरण ओतलं की भात दिसेना. कुणीही हसलं नाही.

विहीणबाई दारात उभ्या होत्या. त्यांचा चेहरा पडला. “आम्ही काय उपाशी ठेवतो का हो हिला?”

“न्हाई हो विहीणबाई,” मॅडम म्हणाल्या. “मला फक्त बघायचंय, ही जेवती कशी.”

पण शीतल कुठली जेवते! सगळ्यांचे डोळे तिच्यावर. ती नुसता भात कालवत राहिली, आणि डोळ्यांतलं पाणी ताटात पडत राहिलं. एक घास खाल्ला नाही तिनं. पाहुणे पानावरून उठले नाहीत, तेवढी रीत त्यांनी पाळली. पण दुपार कलायच्या आत गाडीत बसले, आणि शीतललाही बसवलं. “बाळंतपण लातूरलाच करू,” एवढंच म्हणाले. पहिलं बाळंतपण, आणि माहेरी नाही! मॅडमनी तिच्यासाठी डिंक, खारीक, आळीव सगळं आणून ठेवलं होतं. ते डबे तसेच राहिले.

त्यानंतर गाडीत तो प्रश्न बंद झाला. सर पिक्चर सांगायचे, शेवटाला येऊन मुद्दाम थांबायचे, मागं वळून बघायचे. मॅडम खिडकीबाहेर. एकदा मलाच म्हणाल्या, “पिक्चरमधलं पिक्चरमध्येच बरं असतंय बाई. मी लेकीचं घर बिघडवलं.” मी रागावले, म्हणाले, असं काय बोलता. पण मलाही खात्री कुठं होती? सरांनी एका सोमवारी चाचपडत सांगितलं, “मॅडम, यात ती चहा पिते. एकटी बसून. पूर्ण कप.” मॅडमनी त्यांच्याकडं मायेनं बघितलं. “चहा नसतोय धरायचा सर,” म्हणाल्या, आणि परत बाहेर बघायला लागल्या.

शीतलला मुलगी झाली. मॅडम बघायला गेल्या, पाहुण्यासारख्या बसल्या, चहा घेतला, बाळाच्या हातावर पैसे ठेवून परत आल्या. जेवायला थांबा असं त्यांना कुणी म्हटलं नाही, आणि शीतल काय जेवते ते त्यांना दिसलं नाही.

पुढं त्यांचं पोट दुखायला लागलं. अंगावर काढलं, बायका काढतात तसं. निदान झालं तेव्हा उशीर झाला होता.

मॅडम गेल्या. मधली सीट भरली, तिथं नवीन सर बसतात. पिक्चर अजून सांगितले जातात. विज्ञानाचे सर शेवटाला येऊन अजून थांबतात, सवयीनं, आणि मग आम्ही दोघं एकमेकांकडं बघत नाही. आता कुठलाही पिक्चर बघताना मी ताटाकडं बघते. मॅडमनी माझी चांगलीच वाट लावून ठेवली आहे.

पण त्या जायच्या आधीचा एक रविवार मला तुम्हाला सांगायचा आहे. नांदेडच्या दवाखान्यात मी त्यांच्याजवळ बसले होते. तोंडानं काही द्यायचं नव्हतं, सगळं नळीतून. काका कोपऱ्यात स्टुलावर बसलेले. दुपारी शीतल आली, लातूरहून बसनं, काखेत बाळ, हातात डबा. बाळ तिनं काकांच्या मांडीवर दिलं. आईच्या कपाळावरून हात फिरवला, रडून घेतलं. मग डबा कुठं ठेवावा ते तिला कळेना.

“कुणासाठी आणला गं?” मॅडम पुटपुटल्या.

“माझाच आहे. सासूबाईंनी बांधून दिला. तुझ्यावरचा राग गेला नाही त्यांचा अजून. पण म्हणाल्या, पोचल्यावर आधी तू जेव, मग आईचं बघ.” मग ती घाबरल्यासारखी म्हणाली, “मी बाहेर जाऊन खाते आई. तुझ्यापुढं कसं खाऊ?”

मॅडमनी मला बोटानं खुणावलं. पलंग वर कर. मी कळ फिरवली, त्यांचं डोकं वर आलं. त्यांनी उशाचा चष्मा मागितला. पदर नव्हता, म्हणून मी माझ्या ओढणीनं काचा पुसून त्यांच्या डोळ्यांवर ठेवला.

“इथंच खा,” त्या म्हणाल्या.

शीतल पलंगाच्या पायथ्याशी मांडी घालून बसली. डबा उघडला. ज्वारीच्या भाकरी, मेथीची भाजी, ठेचा, एक कांदा. कांदा तिनं मुठीनं फोडला. भाकरीचा कडेचा पापुद्रा आधी काढून खाल्ला. मग भाजी. मध्येच ठेचा झोंबला, तिनं तोंडानं स्स-स्स केलं, नाक पुसलं, परत घास घेतला. काका बाळाला मांडीवर हलवत होते. मॅडम बघत होत्या. चष्म्याआड पाणी साचलं तरी त्यांनी ते पुसू दिलं नाही, मध्ये हात आला असता.

“सावकाश खातीस गं तू,” बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या. “माझी आई बी अशीच खात असंल.”

शीतलनं भाजीचा डबा बोटानं पुसून घेतला. मग आईकडं बघून विचारलं, “अजून एक भाकर आहे. खाऊ?”

“खा,” मॅडम म्हणाल्या.