कवळीतला चेहरा

आमची संस्था खेडोपाडी जाऊन दात तपासते, मिशरी सोडा म्हणून सांगते आणि ज्यांचे दात उरलेले नाहीत त्यांना फुकट कवळ्या बसवून देते. परवाच्या शिबिरात द्वारकाबाईंना कवळी बसवली आणि मी त्यांच्या हातात आरसा दिला. खोल गेलेले गाल भरून आले होते. मला वाटलं, आता हसतील. पण त्या आरशाकडे बघतच राहिल्या.

"टोचतंय का कुठं?" मी विचारलं.

"ही माझी आई हाय," त्या हळूच म्हणाल्या. "माझं लगीन झालं अन् त्याच साली ती गेली. निरोप उशिरा आला. तोंड बघायला मिळालं नाही."

दात चावायला आणि बोलायला लागतात, एवढंच आम्ही गावोगाव सांगत आलो. गेलेलं माणूस दातांच्या आधारानं परत येत असेल, हे कधी मनातच आलं नव्हतं.

द्वारकाबाईंनी आरसा आणखी जवळ घेतला.

"जेवलीस का गं?"

आरशातले ओठही तसेच हलले. मग दोघी उत्तराची वाट बघत राहिल्या. बाहेर रांग खोळंबली होती, पण मी पुढच्या नावाचा कागद बाजूला ठेवला.