माझ्या भावाची सरळ रेघ

माझ्या धाकट्या भावाने बाबांचा जुना ॲम्प्लिफायर भंगारवाल्याला देऊन टाकला तेव्हा मी घरी नव्हते. असते तर त्याच हातगाडीवर भावालाही बसवून पाठवलं असतं. अजून आठवलं की डोक्यात तिडीक जाते.

आमचं घर टेमघरला. आता तिथे बाबा एकटेच, मी आणि भाऊ येऊनजाऊन. शेजारच्या भिंतीपलीकडे कापड विणायच्या लूमचा कारखाना, त्यामुळे शुक्रवारची सुट्टी सोडली तर दिवसभर खटाखट चालूच. बाबा मूळचे दिघाशीचे. तरुणपणी लूमवर आले ते म्हातारे होईपर्यंत लूमवरच राहिले, आणि लूमने त्यांचे कान खाल्ले. ठार बहिरे नाहीत ते. ढोल वाजला की कळतो, दारावरून ट्रक गेला की कळतो, समोरचा माणूस बोलतोय हेही कळतं. काय बोलतोय, ते मात्र कळत नाही. बोलण्यातले बारीक आवाज त्यांच्यासाठी कधीच संपलेत.

लूमच्या शेडमध्ये कोणाचंच कोणाला ऐकू जात नाही. ओठ बघायचे, हाताने खुणा करायच्या आणि कळलं नाही तरी मान हलवायची, कारण मुकादम दुसऱ्यांदा सांगायला थांबत नाही. हीच सवय घरी येते. बाबांना विचारा, जेवता का? मान हलते. सांगा, गॅस संपलाय. मान हलते, वर हसतात पण. आई याला ‘लूमची मान’ म्हणायची. दंडाला धरून, तोंडासमोर तोंड आणून पुन्हा विचारायची, मग खरं उत्तर यायचं.

आई लग्नांत धवले गायची. दिघाशीकडच्या कितीतरी मांडवांत तिने तोंड उघडल्याशिवाय नवरीला हळद लागली नाही. ती गेल्यावर तिचा आवाज एवढाच उरला, कुठल्याशा लग्नात कोणीतरी टेप केलेला. कॅसेटवरून आम्ही तो पेनड्राइव्हवर घेतला. बाबा रोज दुपारच्या चहानंतर तो लावायचे. ॲम्प्लिफायरवरचं ट्रेबलचं, म्हणजे बारीक आवाजांचं, बटण पार टोकापर्यंत फिरवलेलं, जाड आवाजांचं बास अगदी खाली. आम्हाला तो किर्र आवाज ऐकवायचा नाही, मी तर सरळ ओट्यापाशी पळायचे. पण बाबांना त्यातून आईचे शब्द कळायचे. ते तिच्याबरोबर ओठ हलवत बसायचे. बायको गेलेल्या त्या माणसाकडे दिवसभरात तेवढंच एक सुख होतं.

आणि आमच्या शहाण्याला तेच खुपलं!

भाऊ दापोड्याच्या एका गोदामाच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसतो. त्याला ऑडिओचा नाद. मोबाईलवर त्याच्यासारख्याच दीडशहाण्यांचा ग्रुप आहे, तिथे दिवसरात्र भांडणं चालतात. ह्याचं म्हणणं ठरलेलं, कान फसवतात, माप फसवत नाही. एका शुक्रवारी तो नवे स्पीकर, लॅपटॉप आणि स्टँडवरचा छोटा माईक घेऊन आला. बाबांना त्यांच्या खुर्चीतून उठवलं आणि खुर्चीत माईक ठेवला. मला हे नंतर शेजारणीने सांगितलं. बाबा दारात उभे, माईक खुर्चीत बसलेला. स्पीकरमधून म्हणे ऊऽऽईऽऽ असा आवाज चढत गेला, लॅपटॉपवर जाड-बारीक आवाज कमीजास्त दाखवणारी वेडीवाकडी रेघ आली, मग ह्याने मोबाईलवर खटपट करून ती सरळ केली. त्यावर बाबांना विचारलं, “कसं वाटतं?” बाबांनी मान हलवली. झालं! ह्याने फोटो काढून ग्रुपवर टाकला, “सत्तरीच्या कानांनाही पटलं.” आणि बाहेर भंगारवाला ओरडत होता, त्याला जुना ॲम्प्लिफायर दिला.

डोंबल पटलं!

पुढच्या आठवड्यात मी गेले तर बाबा स्पीकरला कान लावून बसलेले. दोन दिवसांनी गेले तर गाणं बंदच होतं, चहा निवून गेलेला आणि ते नुसते त्या खुर्चीत. विचारलं, ऐकलं का आज? मान हलली. मग मी आईसारखं त्यांच्या दंडाला धरलं.

“आवाज चांगला हाय,” ते म्हणाले. “पोरानं एवढं आणलंय. पण तुझी आई पाण्यात बोलल्यासारखी लागते. शब्द न्हाय कळत.” मग माझा हात दाबून म्हणाले, “त्याला नको सांगू.”

मी रस्त्यावर येऊन पहिला फोन त्यालाच लावला. तो मला समजावायला लागला. ताई, आधीचं सगळं चुकीचं होतं, एवढं ट्रेबल कोणी ठेवतं का, बाबांना वाईट सवय लागली होती, थोड्या दिवसांत कान जुळून येतील. मी म्हटलं, “अरे मेलेले कान जुळून कसे येतील? तुझ्या माईकची बायको गेलीय का? त्या खुर्चीत बसणाऱ्याच्या कानांचं माप घेतलंस का कधी?” तर म्हणतो, “तुला यातलं काही कळत नाही.”

मला पटवायला तो सुट्टी टाकून पुन्हा आला, माईक घेऊन. कामाचा दिवस, लूम चालू. पुन्हा ऊऽऽईऽऽ, पुन्हा लॅपटॉप. “बघ,” तो म्हणाला, “जाड आवाजांकडे लूमची खटखट मिसळतेय तेवढी, पण रेघ सरळच.” मग त्याने आईचं गाणं लावलं आणि बाबांच्या समोर उकिडवा बसून विचारलं, “बाबा, कसं वाटतंय?”

माझं डोकंच फिरलं. मी भिंतीवरचा स्विच बंद केला. गाणं ओळीच्या मध्येच तुटलं. भाऊ काही बोलणार, तेवढ्यात बाबांनी मान हलवली. ते त्याच्या ओठांकडेच बघत होते.

“झकास,” ते म्हणाले. “लय भारी आणलंस. तुझ्या आईचा आवाज काय गोड लागतोय!”

भिंतीपलीकडे फक्त लूम चालू होते. भावाने माझ्याकडे बघितलं, मग बंद स्पीकरकडे. मला वाटलं होतं, मला बरं वाटेल. कसलं बरं! त्याला दोन थोबाडीत द्याव्यात असं मला वाटत होतं आणि रडू येत होतं. बाबा आमच्याकडे हसून बघत होते, कारण त्यांना वाटत होतं सगळं छान चाललंय.

“चालू कर,” भाऊ हळूच म्हणाला. मी स्विच लावला. त्याने मोबाईल काढला आणि वरचे बारीक आवाज वाढवायला सुरुवात केली. वाढवत गेला, इतका की त्याने स्वतः डोळे मिटून घेतले. लॅपटॉपवर त्याची ती लाडकी रेघ शेवटाला उभी चढली.

बाबा खुर्चीत पुढे सरकले. त्यांचे ओठ हलायला लागले.

“इथे फारच टोचतंय, जरा कमी...” भाऊ म्हणाला. मी त्याच्यावर धावूनच गेले, हात तर लावून बघ त्या मोबाईलला म्हणून. तो मला उलट बोलला, मी त्याला, आणि आमचं तिथेच जुंपलं.

बाबांनी खुर्चीच्या दांडीवर जोरात हात आपटला.

“गप बसा दोघंपण,” ते म्हणाले. “तुमची आई गाते हाय.”