मनगटावरची हळद

सासूबाई जेवून उठल्या की मी त्यांच्या मनगटावर हळदीचं बोट ओढायची. पुरावा म्हणून! अठराव्या वर्षी मी अशी शहाणी होते.

झालं होतं असं, की हात वाळायच्या आत त्या उंबऱ्यावर जाऊन शेजारच्या अक्कांना सांगायच्या, "सून जेवाय घालत न्हाय गं." अक्का माझ्याकडं अशा बघायच्या, जणू मी भाकऱ्या चोरून माहेरी धाडते. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. गल्लीत नाव खराब होणार, मला काळजी तेवढीच.

खरं तर आधीच कळायला हवं होतं. किल्ली कुठं ठेवली हे मीही आता रोज विसरते आणि नातवंडांवर आळ घेते, ते निराळं. पण जन्मभर ज्वारीच्या भाकरी थापलेली बाई पिठाचा गोळा हातात धरून म्हणाली, "ह्याचं काय करत्यात गं?" आणि मी काय केलं? हसले. म्हटलं, कामाचा कंटाळा, दुसरं काय!

त्या दुपारी पुन्हा तेच गाऱ्हाणं. मी तावातावानं बाहेर आले, सासूबाईंचं मनगट धरून अक्कांपुढं केलं. "ही बघा हळद. आत्ताच जेवल्यात. विचारा की त्यांनाच!"

गल्लीत हातमागांची खटखट चालली होती, झोपेत ऐकू यावी तशी. सासूबाईंनी मनगट उन्हात धरलं, फिरवून फिरवून पाहिलं. पिवळा पट्टा चमकत होता. त्यांचा चेहरा हळूहळू असा उजळला, की माझी पकड आपोआप सुटली. पदर पुढं ओढून त्या उंबऱ्यावरच बसल्या. चक्क लाजल्या.

"वऱ्हाड आलं व्हय गं?"

वैरागला, माहेरच्या अंगणात, त्यांना हळद लागून पन्नास वर्षं झाली होती. असं सोंग कुणाला जमतं?

 मी आत गेले, अर्धी भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन आले, त्यांच्याजवळ बसले. पहिला घास त्यांनी मुकाट्यानं घेतला. मग इकडंतिकडं बघत माझ्या कानाशी आल्या.

"तू माज्यासंगं चल की गं. सासरी जेवलीस का म्हणून कुणी इचारत न्हाय म्हणं."