व्हॅलेटात सासूबाईंना बसमध्ये बसवायला निघालेले लोक

माल्टाला जायचं ठरवलं ते सासूबाईंनी. त्यांचं बालपण मिठागरावर गेलं, आणि आमच्या घणसोलीच्या खाडीकाठची मिठागरं कधीच बुजली. शेजारणीच्या मोबाईलवर त्यांनी तिथल्या गोझो बेटावरची मिठागरं पाहिली आणि नितीनला, माझ्या नवऱ्याला, म्हणाल्या, "मना हितं ने." जेवणाचे हाल नकोत म्हणून आम्ही ग्रुप टूर घेतली. ती चूक तुम्ही करू नका.

पहिल्याच सकाळी बस व्हॅलेटाच्या बंदराशी थांबली. शहर वर, उंच तटावर. मधाच्या रंगाचा दगड उन्हात नुसता पेटलेला. आमचा टूर लीडर माईकवर म्हणाला, "चढ आहे. आजी बसमध्येच थांबतील."

"लिफ्ट नाही का?" मी विचारलं.

"आहे, पण रांग असते. सगळ्यांना उशीर होईल."

म्हणजे लिफ्ट आहे हे याला माहीत होतं! माझं डोकंच फिरलं. नितीन पुटपुटला, "जाऊ दे ना, टेन्शन नको घेऊस." आई म्हणाल्या, "तू जा गो. मी बसतय हितंच." त्यांनी नवी चप्पलसुद्धा काढून ठेवली.

"आई, चप्पल घाला," मी म्हटलं. "नितीन, तुला बसायचं तर बस."

तोही आमच्यामागून उतरला.

रांगेत जेमतेम पाच-सहा माणसं होती. वरच्या बागेत पोचलो तर खाली अख्खं बंदर पसरलेलं, पलीकडे जुने किल्ले. दुपारी बाराला तोफ उडते, कान सांभाळा. आई दचकल्या आणि मग इतक्या हसल्या की शेजारचे गोरे आजोबाही हसायला लागले. भूक लागली की पास्तिझी खा. आपल्या पॅटिससारखंच असतं. वाटाण्याचं मागा, शाकाहारी आहे आणि स्वस्तही. मी खाल्लं, पण राग काही उतरला नव्हता. पैसे तिघांचे सारखे घेतले, मग शहर दोघांनाच का दाखवणार होते?

दुसऱ्या दिवशी फेरीने गोझोला गेलो. समुद्रालगत खडकात कोरलेली मिठागरं, चौकोनाला लागून चौकोन. लीडरने माईक उचलला, "फक्त फोटो स्टॉप, सीनियर लोकांनी..." तेवढ्यात आई बसच्या दारात पोचल्याही होत्या. खाली एक बाई मीठ ओढत होती. आईंनी खुणेनेच विचारून चिमूटभर उचललं आणि जिभेवर ठेवलं.

"मीठ हाय. आपल्यासारकाच."

मग त्या तिथेच खडकावर बसल्या, त्यांच्या शेजारी आम्हीही. मागे हॉर्न वाजत होता. आम्ही कुणीच उठलो नाही.

तुम्ही गेलात तर स्वतःचे स्वतः जा. तिथल्या सार्वजनिक बस चांगल्या आहेत, मदिना नावाच्या तटबंदीतल्या जुन्या गावाच्या दरवाजापर्यंत सोडतात. आम्हाला मदिना खिडकीतूनच दाखवलं, कारण त्या दिवशी सगळ्यांना परफ्यूमच्या दुकानात न्यायचं होतं.

घरी आल्यावर कंपनीला खरमरीत मेल लिहिला. उत्तर आलं: "ज्येष्ठांच्या सुरक्षिततेसाठीच त्यांना बसमध्ये थांबण्याची विनंती केली जाते." मी ते आईंना वाचून दाखवलं. त्या कोलंबी सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या,

"त्यान्ला लिव, मी आजून मेली नाय."

लिहिलं. तसंच्या तसं.