वणीचे टायरवाले उस्ताद

उस्ताद गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे कधी बघत नसत. मोटरसायकल दुकानासमोर थांबली की ते उकिडवे बसत, मागच्या टायरवरून तळहात फिरवत आणि जमिनीकडे बघूनच विचारत, "हे टायर हाये का साबनाची वडी?" गिऱ्हाईक हसलं तर त्यांचं तोंड आणखी कडू होई. त्यांना विनोद करायचाच नसे. बहुतेक माणसांची दोन चाकांवर बसायची लायकी नाही, हे त्यांचं प्रामाणिक मत होतं.

वणीहून चंद्रपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं दुकान होतं. समोरून दिवसभर कोळशाचे ट्रक जात, त्यामुळे नवे टायर, जुने टायर आणि उस्तादांची पांढरी दाढी, सगळ्यांवर एकच काळपट रंग. कापसाची ती वाईट वर्षं, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची. मी यवतमाळचा. एका संस्थेच्या पाहणीसाठी राळेगाव, बाभुळगाव, वणी असा तालुक्या-तालुक्यांतून मोटरसायकलवर हिंडत घरोघरी प्रश्नावल्या भरून घेत होतो. पहिल्याच भेटीत उस्ताद म्हणाले, "म्हंजे लोकायच्या घरी मयत होते, अन तू कागद घेऊन जातं." तोवर ते माझ्या ट्यूबला ठिगळ लावायला लागले होते.

तेव्हा मुंबई-दिल्लीहून येणाऱ्या पत्रकार-अधिकाऱ्यांच्या मोठ्या गाड्यांची जिल्ह्यात रीघ लागली होती. डांबरावर पळणारे गुळगुळीत टायर घेऊन हे लोक पावसात काळ्या मातीत शिरत आणि पहिल्या वळणालाच फसत. बैलजोडी लावून ओढून काढलेली एक गाडी मी उस्तादांच्या दारात पाहिली. आतल्या साहेबांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "गाव पाह्यले आले, अन गावात शिरता येत नाई यायले."

माझ्या गाडीचं पुढचं मडगार्ड त्यांनी न विचारता उचलून चार बोटं वर बसवलं. मी कुरकुरलो. "काळी माती चाकाले चिकटते, मडगार्डात भरते, अन चाक जाम होते," ते म्हणाले. "मंग तू हँडलवरून पुढं जातं. टायर काही बी घे. मातीले जागा दे आधी." त्या पावसाळ्यात मी एकदाही पडलो नाही. उस्तादांचे आभार मानायला गेलो तर म्हणाले, "पडला नाई म्हनून मिठाई वाटतं का आता?"

पुढच्या वर्षी मी आणि माझा मित्र विलास, पुसदकडचा शाळामास्तर, माझ्या गाडीवरून हिमाचलात स्पितीला जायला निघणार होतो. एका मासिकातल्या फोटोत मी उंच गाठींचे टायर पाहिले होते. आमच्याकडे त्यांना बटन टायर म्हणत. तेच हवेत, असं मी उस्तादांना सांगितलं.

"डांबर किती?"

"बहुतेक सगळं डांबरच. शेवटचे दोन-तीन दिवस दगड."

"मंग टायर कोनासाठी घेऊन राह्यला? दगडासाठी का फोटोसाठी?" ते म्हणाले. "ओल्या डांबरावर ह्या गाठी उभ्या राह्यत नाई. मधातून घासतीन, वळनावर दगा देतीन. मधात सलग पट्टा अन कडेले खाचा, असा घे. दगडात हवा थोडी कमी कर. पन तुले फोटो काढाचा हाये."

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. ती हसली. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "उस्ताद, तुम्ही स्वतः वणीच्या बाहेर किती गेलात? पांढरकवड्यापर्यंत? आणि आम्हाला हिमालयाचे रस्ते शिकवता!"

उस्तादांनी पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग पाना उचलून दुसऱ्या गाडीकडे वळले.

मी नागपूरहून बटन टायर आणले. तिसऱ्या दिवशी, शिवपुरीच्या अलीकडे, पावसाची सर येऊन गेलेल्या वळणावर मागचं चाक सटकलं. मला खरचटलं. विलासच्या मांडीचं हाड मोडलं. तिथल्या दवाखान्यात तो वेदनेने ओरडत होता आणि माझ्या कानात मात्र उस्ताद बोलत होते.

गाडी रेल्वेने परत आली. मी ती ढकलतच दुकानात नेली आणि शिव्या खायला उभा राहिलो. अपघाताची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. उस्तादांनी आधी विचारलं, "मास्तर चालून राह्यला का?"

"कुबड्यांवर."

त्यांनी टायरच्या मधल्या घासलेल्या गाठींवर अंगठा ठेवला. मग सावकाश म्हणाले, "तू बोलला ते खरं हाये. मी गेलो नाई कोठी. माहे टायर जाऊन आले. ट्रकवाल्यायचे, फौजेतून सुट्टीवर आलेल्या पोरायचे. घासलेला टायर सारं सांगते, ऐकनारा पाह्यजे."

मी माफी मागितली. "माफी मास्तरले माग," ते म्हणाले.

पुढच्या उन्हाळ्यात विलास बरा चालू लागला. येतोस का, विचारलं तर त्याने हात जोडले. मी एकटाच निघालो. टायर उस्तादांनी निवडून दिले आणि बसवलेही. तुम्हीही चला म्हटलं तर उसळले, "तुह्या मागं बसाले मी काय बोचकं हाव?" मी स्पितीला पोहोचलो आणि धडपणे परत आलो.

वणीला आलो तर दुकान बंद. उस्तादांना अर्धांगवायू झाला होता. मुलगी त्यांना चंद्रपूरला आपल्या घरी घेऊन गेली होती. मी मागचा टायर काढून तिच्याकडे नेला. तिने दारातच अडवलं. "अब्बाले बोलता येत नाई दादा. अन हे घान पलंगावर कायले?" पण आतून काठी आपटल्याचा आवाज आला आणि तिने वाट सोडली.

मी टायर उस्तादांच्या डाव्या हाताशी ठेवला. बोटं हळूहळू फिरली. मधला पट्टा, खाचा, दगडांनी घेतलेले दोन काप. मी प्रत्येक ठिकाणी कुठला रस्ता ते सांगत गेलो. मग बोटं कडेला आली. तिथे रबर नको इतकं झिजलं होतं. त्यांनी त्या जागेवर दोनदा टिचकी मारली आणि माझ्याकडे बघितलं. अर्धं तोंड निर्जीव होतं, पण उरलेल्या अर्ध्या तोंडावर माझ्याबद्दलची तुच्छता स्वच्छ उमटली होती. तिथे भुवईही थोडी चढली.

"हो उस्ताद," मी म्हणालो. "दगडातून बाहेर पडल्यावर हवा भरायची विसरलो. तसाच कमी हवेवर आलो, कडा घासत."

त्यांनी समाधानाने डोळे मिटून उघडले.