यात्रेआधीचं दार

लोणावळ्यातल्या आमच्या शेजारीणबाई दरवर्षी वेलांकणी मातेच्या यात्रेला जातात. महिनाभर आधी नव्या चपला घालून रोज धरणापर्यंत चालतात. फोड यायचे ते इथंच येऊ देत, म्हणतात. चर्चमध्ये पापनिवेदनाला जाण्याआधी, ज्याच्याशी बिनसलंय त्याचं दार वाजवायचं, हाही त्यांचा नेम.

यंदा आमचं वाजलं. आमच्या फणसाची फांदी त्यांनी न विचारता तोडली होती, तेव्हापासून अबोला होता.

"चुकलंच माझं. माफ करा, भाऊ."

मी विरघळलो. "जाऊ द्या हो."

"पण फांदी परत माझ्या कौलांवर आली, तर परत तोडणार. फक्त आधी विचारीन."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर पुढच्या वर्षी परत येईन माफी मागायला," म्हणाल्या आणि ताठ मानेनं धरणाकडे निघाल्या.